वेटर कुठल्या दारानं येतो

शिदू गेल्याचा फोन लोणंदहून त्याच्या नातीनं, राणीनं केला. "तात्या, आजोबा गेले सकाळी." आणि मला हसूच आलं. सून बघत राहिली. महिन्यापूर्वी आम्हा दोघांचं काय झालं होतं, ते तिला कुठं ठाऊक?

मी दुसरीतनं शाळा सोडली, शिदू चौथी पास. त्याची मिजास त्यानं जन्मभर केली. तरुणपणी आम्ही जत्रेजत्रेतून तंबूतला सिनेमा घेऊन फिरलो. तो मशीन चालवायचा. पडद्याच्या पुढं गडीमाणसं, मागं बायका. चित्र मागंही दिसावं म्हणून पडदा पाण्यानं ओला ठेवायचा, ते काम माझं. मी कायम मागंच. मोठ्या पिक्चरच्या रिळांची पेटी वेळेवर आली नाही की शिदू एक मुका इंग्रजी पिक्चर लावायचा. हॉटेलातला धिंगाणा. वेटर भांडं घेऊन धावत येतो, घसरतो, सगळा रस्सा मालकाच्या टकलावर! "मालक, मिसळ गरम हाय बरं का!" शिदू मशीनपासनं ओरडायचा. म्हसवडच्या जत्रेत माणसं हसून लोळली होती.

तंबू मोडला, भांडण उरलं. मी म्हणायचो, वेटर डावीकडच्या दारानं येतो. तो म्हणायचा, उजवीकडच्या. त्याच्या पोरीच्या लग्नात भर पंगतीत म्हणाला, "डावं-उजवं कळंना, म्हणून दुसरीतनं पळाला ह्यो." मी ताटावरनं उठलो.

यंदा राणीला माळ्यावरच्या ट्रंकेत त्या मुक्या पिक्चरचं रीळ घावलं. पुण्याच्या जाणकारांनी साफ करून दिलं. हा पिक्चर हरवला असंच सगळे धरून चालले होते म्हणे. शिदू तेव्हा खाटेवरच असायचा. त्यानं निरोप धाडला, "मी हाय तवर हरायला ये."

गेलो. सोप्यात शिदूच्या खाटेपुढं चादर बांधून राणीनं मशीन लावलं होतं. मी जुन्या सवयीनं चादरीमागं बसलो. वेटर आला. "डावीकडनं!" मी ओरडलो. "उजवीकडनं!" पलीकडनं शिदू.

राणी पोट धरून हसायला लागली. "आवं, एकाच चादरीच्या दोन अंगांना बसलाय तुमी! मागनं सगळं उलटं दिसतंय." इंग्रजी पाट्यासुद्धा उलट्या होत्या म्हणे. मला सुलट्या तरी कुठं वाचता येत होत्या?

"ये की रं हिकडं, माज्या बाजूनं बघ एकदा."

"तू ये."

मी हटलो नाही. शेवटी राणीच्या खांद्याला धरून तोच आला, शेजारी टेकला. "हितनंबी लय ब्येस दिसतंय की, गड्या. आता तू चल." मी म्हणालो, पुढच्या खेपेला.

पुढची खेप म्हणजे त्याचा तेरावा. जेवणं उरकल्यावर मी राणीला चादर बांधायला लावली आणि पुढं, शिदूच्या खाटेवर बसलो. खाटेला अजून त्याच्या बसण्याचा झोळ होता. वेटर उजवीकडनं आला.

त्याला तोंडावर सांगायचं राहिलं, म्हणून चारचौघांत लिहून देतो. शिदू, तू खरा. पण मीबी खोटा नव्हतो.