शेवटच्या रांगेतला हात

गोदावरीबाईंची आणि माझी पहिली भेट आर्वीच्या बाजारात, कापसाच्या शेडमध्ये झाली आणि तिची सुरुवात कुरबुरीने झाली. मी तेव्हा नुकताच लाऊडस्पीकरच्या धंद्यात पडलो होतो. मशीन नवे, भोंगे नवे, आणि त्यांच्यापेक्षा माझी ऐट नवी. संध्याकाळी बाईंचे नाटक होते. सिनेमात काम केलेली बाई येणार म्हणून दुपारपासूनच माणसे शेडभोवती घुटमळत होती. बाई आल्या त्या थेट रिकाम्या स्टेजवर गेल्या आणि मला म्हणाल्या, "हे बंद करा बावा."

"काऊन? बिघडलं काय?"

"बिघडलं नाई. माहा आवाज कुठवर जाते ते पाहाचं हाय मले. तुमी त्या शेवटच्या खांबापाशी जा. ऐकू आलं त हात वर करजा. नाई आलं त करू नका. खोटा हात केला त मले कळते."

मनातल्या मनात चरफडत मी गेलो. बाईंनी आवाज न चढवता, शेजारणीला विचारावे तसे विचारले, "आज घरी भाजी काय?"

मी हात वर केला आणि ओरडलो, "वांगे!"

बाई खळखळून हसल्या. तेव्हापासून आजवर, जिथे जिथे त्यांचा कार्यक्रम आणि माझे मशीन एकत्र आले, तिथे पडदा उघडण्याआधी हाच प्रश्न आणि शेवटच्या रांगेतून हाच हात. भाजी तेवढी बदलत गेली.

बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादकांनी मला लिहायला सांगितले तेव्हा मी आनंदाने होकार दिला होता. आज लिहायला बसलो आहे तर हात जड झाला आहे. बाईंच्या गळ्यात गाठ निघाली आहे. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. जिवाला धोका नाही असे डॉक्टर सांगतात. आवाज राहील की नाही, हे सांगत नाहीत. ग्रंथ छापून तुमच्या हाती येईल तेव्हा ते कळलेले असेल. मला मात्र आज माहीत नाही, आणि माहीत नसतानाच मला हे लिहायचे आहे.

तरुण मंडळींसाठी थोडे मागचे सांगतो. बाईंचे वडील एका फिरत्या नाटक कंपनीत पेटी वाजवत. सहा वर्षांच्या गोदेला मालकाने स्टेजवर उभे केले आणि लोकांनी तिला डोक्यावर घेतले. बोर्डावर "बेबी गोदावरी" अशी मोठी अक्षरे झळकू लागली. तिथून त्या सिनेमात गेल्या. आपल्या भागातून पडद्यावर पोचलेल्या त्या अगदी सुरुवातीच्या मुलींपैकी एक. पुढे त्या बहीण झाल्या, मैत्रीण झाल्या, मोजक्या चित्रपटांत नायिकाही झाल्या. पण जुन्या माणसांना विचाराल तर ते विहिरीचाच सीन सांगतील. विहिरीच्या काठावर उभी असलेली लहान मुलगी अचानक खाली जाते आणि तिची किंकाळी सगळ्या थेटराला चिरत जाते.

तो सीन कसा झाला हे बाईंनी मला एकदा पुलगावहून परतताना गाडीत सांगितले. विहिरीवर फळी टाकून लहानग्या गोदेला उभे केले होते. खाली जाळे होते. पण जाळे आहे हेही तिला कोणी सांगितले नव्हते आणि फळी सरकणार आहे हेही नाही. कॅमेरा चालू झाला आणि फळी ओढली.

"लोकं म्हणत, काय अॅक्टिंग केली पोट्टीनं! ते अॅक्टिंग नोयतं भाऊ. ते मी मरून राह्यली होती. टाळ्या वाजल्या का मी थेटरातून उठून जात जावो."

सिनेमा सोडून बाई वर्ध्याला परतल्या, बोरगाव मेघेत घर केले आणि अंगणात मुलांना नाटक शिकवू लागल्या. तिथला त्यांचा नियम एकच. मुलाला भिववायचे असेल तर आधी सांगायचे. एका बालनाट्यात वीज कडाडायची होती. मी मोठ्या हौसेने कानठळ्या बसवणारा कडकडाट आणला आणि तालमीत वाजवणार तोच बाईंनी माझा हात धरला. "आधी पोट्टीले दाखवा." त्या चिमुरडीला त्यांनी मशीनपाशी बसवले, बटण तिच्या हाती दिले. तिने वीज पाडली, पुन्हा पाडली, पाडता पाडता हसू लागली. मग बाई म्हणाल्या, "आता भे मनसोक्त." प्रयोगाच्या दिवशी ती इतकी सुंदर घाबरली की तिची आईच खुर्चीतून उठून स्टेजकडे धावली!

माझ्यावर बाईंचे उपकार आहेत, ते इथे नोंदवलेच पाहिजेत. माझ्या पहिल्याच हंगामात, भर प्रयोगात मशीन बसले. हजारभर माणूस समोर, आणि भोंग्यातून फुस्स. बाईंनी एक श्वास घेतला आणि उरलेले नाटक तसेच, शेवटच्या खांबापर्यंत पोचवले. प्रयोगानंतर आयोजक माझ्यावर धावून आले, तर बाई मध्ये उभ्या. "त्याले काऊन बोलता? मशीन मीच बंद कराले सांगतलं." खोटा हात चालवून न घेणाऱ्या बाई माझ्यासाठी तेवढे एक खोटे बोलल्या. माझी पुढची सारी दुकानदारी त्या रात्री त्यांच्या गळ्यावर उभी राहिली.

त्याच गळ्याचे बिघडणे आधी माझ्याच कानाला कळावे, याचा मला राग येतो. गेल्या हिवाळ्यात हिंगणघाटच्या एका शाळेत मी शेवटच्या रांगेत उभा होतो. "आज घरी भाजी काय?" यातला "जी" वाटेतच कुठेतरी विरला. मी हात वर केला नाही. बाईंनी पुन्हा विचारले. आवाज पोचला, पण घासत, चिंधी फाटावी तसा. मी हात वर केला; भाजीचे नाव मात्र तोंडातून निघाले नाही. स्टेजवर कोणाच्या काही लक्षात आले नाही. बाई माझ्याकडे बघत राहिल्या.

मग तपासण्या झाल्या. घरच्यांनी बाईंना सांगितले, बारीकशी गाठ आहे, दोन दिवसांत घरी. प्रेमापोटीच सांगितले. मी भेटायला गेलो तेव्हा बाई बैठकीत होत्या आणि भाचा आत फोनवर हळू आवाजात बोलत होता. "आवाज गेला त आत्याले सांगाचं कसं?" माझे कान तिखट; त्या दिवशी ते बहिरे असते तर बरे झाले असते.

बाईंनी माझा चेहरा वाचला. "काय बोलून राह्यला तो आत?"

मी जायला उठलो.

"भाऊ, मले पुन्हा फळीवर उभं करून राह्यले का तुमी सारे?"

मग मी सांगितले. सगळे सांगितले. बाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. इतक्या वर्षांत मी त्यांना स्टेजवर हजार वेळा घाबरलेले पाहिले होते. खरे घाबरलेले पहिल्यांदाच पाहत होतो.

"मले भेव लागून राह्यलं भाऊ."

"मले बी, बाई."

भाचा बाहेर आला, आमच्याकडे पाहून दारातच थबकला. बाई त्याला रागावल्या नाहीत. "चप्पल घाल," म्हणाल्या, "डॉक्टरकडं जाऊ." तिथे त्यांनी डॉक्टरांकडून सगळे समजून घेतले आणि ऑपरेशनची खोली दाखवा म्हणून हट्ट धरला. टेबल कुठे, नळी कोणती, झोपेचे औषध कुठून देतात. डॉक्टरांनीही कौतुकाने सारे दाखवले. बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, "लाईट लय मोठे हायत हो. अन् मेकअप करू देत नाई म्हणते!" मी हसलो. हसता हसता दोघांचेही डोळे भरून आले.

भीती गेलेली नाही. बाईंचीही नाही, माझीही नाही. पण फळी सरकणार आहे हे आता त्यांना ठाऊक आहे, आणि खाली आपण सारे जाळे धरून उभे आहोत हेही.

बाईंना उदंड आयुष्य लाभो, प्रकृती ठणठणीत राहो, अंगणातली मुले त्यांच्या अवतीभवती दंगा करत राहोत, ही आपणा सर्वांची इच्छा. माझे मागणे थोडे अधिक आहे. पंचाहत्तरीच्या सत्काराच्या दिवशी मंडपात माझेच मशीन असेल. कार्यक्रमाआधी मी ते बंद करीन आणि शेवटच्या रांगेत जाऊन उभा राहीन. बाई, तुम्ही विचारा. आवाज घोगरा निघो, फाटका निघो, कुजबुज निघो. मी कान टवकारून थांबीन, पाहुणे खोळंबले तरी थांबीन. खोटा हात मात्र वर करणार नाही.

घरी भाजी काय, ते सकाळीच विचारून येतो.