उतारावरची जीप

लष्कराच्या लिलावातली जुनी जीप बघायला मी आणि थोरला भाऊ लोणावळ्याला गेलो होतो. आमच्या इंदुरी गावाहून तळेगाव स्टेशनला रोज दूध न्यायचं, वाट चिखलाची, आणि नवी गाडी परवडणारी नव्हती. विकणाऱ्यानं आधी चहा पाजला. जीप घरासमोरच्या उतारावर उभी होती. त्यानं ब्रेक सोडला, ती घरंगळली आणि इंजिन लगेच धडधडलं. मी म्हणालो, "दादा, सपाटीवर चालू करून बघू." भाऊ माझ्यावरच खेकसला, "त्याचा चा पिलास आन् आता संशय घेतोस व्हय?" आम्ही पैसे मोजून जीप घेतली. त्या चहाचा मला अजून संताप येतो.

आमचं अंगण सपाट आणि जीपचा स्टार्टर मेलेला. पावसाळाभर रोज सकाळी चिखलात मी ती ढकलली. नवा स्टार्टर घे म्हटलं, तर भाऊ स्टेअरिंगवरूनच म्हणायचा, "कशाला? तू हाईस की."

पुढच्या वर्षी त्यानं जीप विकायला काढली. गिऱ्हाईक येण्याआधी आम्ही दोघांनी ती गावातल्या किल्ल्याजवळच्या उतारावर नेऊन लावली. मग त्यानं मला चहा करायला घरी पिटाळलं. साखर जरा जास्त घाल म्हणाला.

मी घातली.