कोनाड्यातलं प्रस्थान

त्र्यंबककाका कल्याणच्या जकात नाक्यावर कारकून होते. दुर्गाडीच्या पुलाजवळ त्यांचं टेबल, आणि आग्र्याकडून येणारा प्रत्येक ट्रक त्यांच्यासमोर थांबणारच. पावती फाडता फाडता काका विचारायचे, "वाटेत काही अजब पाहिलंत का?" देवळं आणि किल्ले त्यांना नको असत. ती पुस्तकात मिळतात, म्हणायचे. त्यांना हवी असायची घाटाखालच्या हॉटेलातली बकरी, जी तिच्यासाठी बशीत चहा ओतल्याशिवाय गिऱ्हाइकाला उठू देत नाही. धुळ्यापुढचा न्हावी, ज्याचं दुकान वडाच्या ढोलीत आहे. नाशिक सोडल्यावर लागणारी विहीर, जिच्यात हाक मारली की ती तीनदा परत येते.

काका स्वतः कसाऱ्याच्या पलीकडे कधी गेले नव्हते. पण मुंबई ते दिल्ली रस्ता त्यांना आमच्या डोंबिवलीच्या चाळीच्या जिन्यासारखा पाठ होता.

त्रेपन्न साली शेजारच्या प्रभाकरने एका पारशाकडून जुनी ऑस्टिन घेतली. हा प्रभाकर काकांचा शाळेपासूनचा मित्र. गाडी दारात उभी राहिली त्याच संध्याकाळी तो म्हणाला, "त्र्यंबक, दिल्लीला जाऊ. कुठे थांबायचं ते तू ठरव, गाडी मी हाकतो."

माणूस एवढा आनंदी झालेला मी नंतर कधी पाहिला नाही. सगळा हिवाळा दोघं गॅलरीत बसून मुक्काम ठरवत होते. उजेड असताना विहीर गाठायची, न्हाव्याकडे सोमवारी जायचं नाही, बकरीसाठी आधी कुठेही चहा घ्यायचा नाही. शेवटी शेवटी प्रभाकर काकांना सगळं पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचा आणि मग स्वतः म्हणून दाखवायचा. "तुला गाडीत डुलकी लागली तर?" असं कारण द्यायचा. सरोजकाकूंना ते खटकलं होतं. "एवढं घोकून कशाला घेतायत?" त्या म्हणाल्या. काकांनी त्यांनाच वेड्यात काढलं.

मुहूर्त गुरुवारचा निघाला, आणि प्रभाकरची रजा रविवारपासून. तेव्हा काकांनी प्रस्थान ठेवायचं ठरवलं. मुहूर्ताला आपल्याला निघता येत नसेल तर आपलं सामान निघतं. धुतलेला सदरा, मूठभर तांदूळ, हळकुंड आणि सुपारी एका फडक्यात बांधायची आणि ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या कुणाच्या तरी घरी ते बोचकं ठेवायचं. निघताना ते उचलायचं. परत घरी मात्र आणायचं नाही, प्रवास मोडतो. पुलापलीकडे कोनगावात ठमाबाई राहायची. नाक्यावर पाणी भरणारी, काकांना भाऊ मानणारी. तिच्या घरच्या कोनाड्यात दोन्ही मित्रांची बोचकी शेजारी शेजारी ठेवली गेली. काका घरी येऊन म्हणाले, "झालं. आता मी निघालोच."

रविवारी पहाटेपासून काका ट्रंकेवर बसून होते. दोन दिवस गाडी दारात नव्हती, ती प्रवासाआधी दुरुस्तीला गेली असेल असं त्यांनी धरलं होतं. काकूंनी दोघांना पुरतील एवढ्या दशम्या बांधल्या होत्या. ऊन वर आलं तरी गाडीचा पत्ता नाही, तेव्हा ते प्रभाकरच्या दारात गेले. त्याची बायको सुमेधा खाली बघून म्हणाली, "भावजी, ते शुक्रवारीच गेले. ह्यांच्या साहेबांच्या मेहुण्याला दिल्लीला जायचं होतं ना. बोलले नाहीत तुम्हाला?"

काका तसेच कोनगावला गेले. गैरसमज झाला असेल, प्रभाकर दोन्ही बोचकी घेऊन पुढे थांबला असेल, असं त्यांना वाटत होतं. ठमाबाईने कोनाड्याकडे बोट केलं. "यो तुमचा हाय भाऊ. त्यांनी त्यांचा उचलला नि गेले. मी बोल्ले, दुसरा? तर बोल्ले, राहू दे."

माझा आजही संताप होतो तो इथे. साहेबाची मर्जी, बढतीची आशा, सगळं समजू शकते मी. पण दोन बोचकी एकमेकांना टेकलेली असताना त्यातलं स्वतःचं तेवढं बाजूला काढायला त्या माणसाचा हात धजला कसा?

प्रभाकर महिन्याने आला. मथुरेचे पेढे वाटले आणि गॅलरीत अख्ख्या चाळीसमोर बसला. बकरी सांगितली, न्हावी सांगितला. लोक म्हणाले, काय शोधून काढलंस रे! तो नुसता हसला. काका कोपऱ्यात होते, त्यांच्या हातात पेढा तसाच होता. त्यांच्याकडे लक्ष गेलं तसा प्रभाकर गडबडला आणि म्हणाला, "त्या विहिरीत तुझ्या नावाने हाक मारली बरं का. तीनदा परत आली."

"मी असतो तर ओ दिली असती," काका म्हणाले, आणि पेढा कठड्यावर ठेवून आत गेले.

त्यानंतर त्यांनी एकाही ड्रायव्हरला काही विचारलं नाही. जुने ड्रायव्हर आपणहून सांगायला लागले तर म्हणायचे, "पावती घ्या. मागे गाड्या उभ्या आहेत."

दिवाळीला ठमाबाईने घर सारवायला काढलं. बोचकं घेऊन ती नाक्यावर आली. तांदूळ उंदरांनी खाल्ले होते, सदऱ्यालाही भोक पडलं होतं. "भाऊ, घरी न्या आता यो," ती म्हणाली.

काकांनी ते हातात घेतलं, गाठ पुन्हा आवळली आणि तिला परत दिलं.

"घरी नाही नेता येत ठमाबाई," ते म्हणाले. "मी निघालोय ना."