आधी कापूस, मग संत्रं, मग आई

काचेच्या पाठीचा मोबाईल मला कधीच आवडला नाही. हातात घेतला की ओल्या साबणासारखा निसटतो, आणि कव्हर घातलं की ती काच असून नसून सारखीच. मग कशाला लावता रे बाप्पा काच? कॅमेऱ्यासमोरही मी हे असंच बोलायचे आणि लोकांना तेच आवडायचं. अमरावतीच्या आमच्या घराच्या गच्चीवर मी आणि माझी मैत्रीण नव्या मोबाईलांचे व्हिडिओ करायचो, ठसक्यात, वऱ्हाडीत. बोलणं माझं, शूटिंग तिचं. हा घ्या, हा नका घेऊ, हा घेतला तर नवऱ्याशी भांडण होईल, असं मी तोंडावर सांगायचे.

ती मूळची अकोल्याची. कॉलेजसाठी आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायला आली आणि पहिल्याच महिन्यात खाली येऊन आईच्या हातचं जेवायला लागली. मेसचा डबा आईनंच बंद करायला लावला. "पोरगी वाळून राहिली वं," म्हणे. पुढे ती लग्नांचे फोटो काढायला लागली, तिच्याकडे मोठा कॅमेरा आला, तरी वरची खोली काही सुटली नाही. आमची ताई लग्न होऊन अकोल्याला गेली होती, त्यामुळे घरात आई, मी आणि ही. आजारी पडली की ती स्वतःच्या आईला फोन करायच्या आधी माझ्या आईला हाक मारायची.

मोबाईल आला की आमची पारख ठरलेली होती. आधी कापूस, मग संत्रं, मग आई. कापसाचं फुटलेलं बोंड भर उन्हात धरायचं. कॅमेरा भिकार असला की तंतू दिसत नाहीत, नुसता चुन्याचा गोळा दिसतो. सीझन नसला तर त्यासाठी डब्यात जपून ठेवलेली बोंडं निघायची. परतवाड्याकडून आणलेलं संत्रं धरलं की निम्मे कॅमेरे त्याचा टमाटर करून टाकत. आणि शेवटी आई. आईचा रंग काळा, शेतात तापलेला, आणि या मोबाईलवाल्यांना काळं माणूस पाहवत नाही. पावडर फासल्यासारखी तिला पांढरी करून ठेवत. ज्याला आई जमली तो मोबाईल पास, असा आमचा कायदा होता.

आईच्या हनुवटीवर गोंदण होतं, ठिपक्यांचं, तुळशीच्या मंजुळेसारखं उभं. नांदगाव खंडेश्वरजवळ तिचं माहेर, तिथं लहानपणी गोंदणाऱ्या बाईनं काढलेलं. वयानं ते हिरवट झालं होतं, पण होतं. आई म्हणायची, मेल्यावर अंगावरचं सोनंनाणं सारं काढून घेतात, गोंदण तेवढं संगं येते. तिला त्याचा भारी अभिमान. मात्र समोरचे दात गेल्यापासून कोणी फोटो काढायला लागलं की तिचा पदर लगेच तोंडावर. माझ्या मोबाईलमध्ये आईचे ढीगभर फोटो आहेत आणि एकाही फोटोत हनुवटी नाही.

तर तो महागडा मोबाईल आमच्याकडे आला तेव्हा उन्हाळा होता. अशी वस्तू आमच्या गच्चीवर पहिल्यांदाच आली होती. कंपनीनं पाहायला पाठवला होता, पाहून झाला की परत करायचा. कडा घासून गोल केलेल्या, रंग मोरपिशी, वजन असं की हातात काहीतरी आहे हे कळावं. मी त्याच्या काचेला शिव्या घातल्या, पण पडदा पाहिला आणि गप्प बसले. मे महिन्याच्या भर दुपारी, डोळे उघडवत नाहीत अशा उन्हात, त्यावरची बारीक अक्षरं वाचता येत होती. कापसाचा तंतू न् तंतू दिसला. संत्रं संत्र्यासारखं आलं. मी मनात म्हटलं, च्यामारी, हा तर काही वेगळाच दिसते!

मग आई. खुर्चीवर बसली आणि पदर तोंडावर. "आई, पदर काढ ना वं." "नाई." मी वैतागले. मैत्रिणीनं मात्र मोबाईल डोळ्यांसमोर धरूनच, आमच्या मावशीची नक्कल सुरू केली. मावशी भाजीवाल्याशी कशी भांडते, कोथिंबीर फुकट मिळाली नाही तर कशी पाठ फिरवते. आई आधी नुसती हलत होती, मग खदखदून हसली आणि पदर घरंगळून मांडीवर आला. मैत्रिणीनं मोबाईलनं फोटो काढले, गळ्यातला मोठा कॅमेराही उचलला. त्या कॅमेऱ्यानं ती आमचं सगळंच टिपायची, त्यामुळे मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं मला लॅपटॉपसमोर बसवलं. "पाह्य," म्हणाली. पडद्यावर माझी आई हसत होती. बोळक्या तोंडानं, डोळे बारीक करून, आहे त्या रंगाची, आणि हनुवटीवर गोंदणाचा एकेक ठिपका मोजून घ्यावा असा. मी उडालेच. "हा मोबाईलनं काढला?" मी विचारलं. "मंग काय," ती म्हणाली.

त्याच भरात मी आवाज रेकॉर्ड केला. शब्द मला पाठ आहेत, कारण नंतर ते मी स्वतःच्या कानांनी पुन्हापुन्हा ऐकले. "पहा बाप्पा, माह्या आईचं गोंदण पहा! आजवर एकाही मोबाईलनं आईले आईसारखं दाखवलं नाही. आपल्या माणसाचा चेहरा जपून ठेवायचा असन तर डोळे मिटून हा घ्या."

तो व्हिडिओ असा चालला की तिवश्याच्या बसस्टँडवर एका अनोळखी बाईनं मला थांबवून आईची तब्येत विचारली. कंपनी खूश झाली. दिवाळी यायच्या आत मैत्रिणीला त्याच कंपनीचं पुण्याहून बोलावणं आलं, फोटो-व्हिडिओच्या कामाचं. मी तिची बॅग भरली. आईनं डबाभर चकल्या दिल्या आणि जिन्यात उभी राहून रडली. मलाही रडू आलं, पण अभिमानही वाटला. आपली पोरगी कुठं पोचली, असं मी चारचौघांत सांगत फिरले.

आणि अकोल्याच्या ताईनं तोच मोबाईल घेतला. मी सांगितलं म्हणून. डोळे मिटून.

त्या हिवाळ्यात आईचं हृदयाचं दुखणं निघालं. अकोल्याचे डॉक्टर ताईच्या ओळखीचे, म्हणून आई तिच्याकडे राहायला गेली. डॉक्टरांनी फार आशा दिली नव्हती, आणि ताईला ते माहीत होतं. ती रोज आईचे फोटो काढायची. औषध घेताना, उन्हात केस वाळवताना, नातवाच्या पाठीवर थोपटताना. सुरुवातीला पदर वर जायचा, मग आईलाच कंटाळा आला आणि तो खालीच राहिला. मी दर शनिवारी बसनं जायचे. ताई मला मोबाईल दाखवायची, "पाह्य, कशी गोड आली." मी त्या चिमुकल्या पडद्यावर वरवर पाहायचे. आई शेजारीच बसलेली असताना फोटोकडे कोण निरखून पाहणार?

फेब्रुवारीत आई गेली. सकाळचा चहा अर्धा पिऊन गेली.

तेराव्यासाठी फ्रेम करायची होती. मी आणि ताई अकोल्यातल्याच एका फोटो स्टुडिओत गेलो. त्या माणसानं ताईच्या मोबाईलमधले फोटो मोठ्या पडद्यावर लावले आणि एकेक पुढं सरकवायला लागला. चौथ्या-पाचव्या फोटोला ताई म्हणाली, "थांबा." माझा हात घट्ट धरला. "अवं, आईचं गोंदण कुठं गेलं?"

हनुवटी गुळगुळीत होती. पुढचा फोटो, तसाच. त्याच्या पुढचा, तसाच. नाकाजवळचा मस नाही, गालावरची देवीची खूण नाही. एक देखणी म्हातारी आमच्याकडे पाहत होती आणि ती आमची आई नव्हती. ताई रडायलाच लागली. "मी सारे फोटो याच्यातच काढले वं. सारे!"

मी मोबाईल हातात घेतला. चेहरा गोरा-गुळगुळीत करणारे जेवढे पर्याय असतात तेवढे उघडून पाहिले. सगळे बंद होते. ताईच्या ओठाखाली तीळ आहे. मी तिचा तिथंच फोटो काढला. क्षणभर तीळ दिसला, मग मोबाईल जरासा थांबला, विचार केल्यासारखा, आणि तीळ गेला. माणसाच्या तोंडावर काही दिसलं की याला तो डाग वाटतो आणि डाग हा पुसतोच, तुम्ही सांगा नाहीतर नका सांगू.

"मंग तुह्या व्हिडिओत कसं दिसलं?" ताईनं विचारलं.

मी स्टुडिओच्या बाहेर आले आणि रस्त्यावरच पुण्याला फोन लावला. आई गेल्याचं तिला कळलं होतं, ती हुंदके देत बोलायला लागली. मी तिला मध्येच तोडलं.

"तो फोटो कोनत्या कॅमेऱ्याचा होता?"

तिनं नाक ओढलं. मग हळूच म्हणाली, "माझ्या."

"मले काहून नाही सांगितलं?"

"अगं, सांगितलं असतं तर तू व्हिडिओ होऊच दिला नसता."

अगं! आमच्या घरात इतकी वर्षं 'अवं' म्हणणारी पोरगी मला 'अगं' म्हणत होती.

"मंग नसता झाला! मरत होतो काय आपण?"

"मोबाईलच्या फोटोत गोंदणच नव्हतं. काकूंना तसं दाखवायला माझं मन झालं नाही. आणि बाकी सगळं तर त्याचं खरंच चांगलं होतं ना."

"तुले दिसलं होतं," मी ओरडले. रस्त्यावरची माणसं वळून पाहायला लागली. "गोंदण गेलं हे तुले तवाच दिसलं होतं, आन् तू माह्या तोंडून खोटं वदवलं! माह्या सख्ख्या बहिणीनं माह्या शब्दावर हा मोबाईल घेतला. आमच्याजवळ आमची माय नाही राहिली, समजते का तुले? आन् तू त्याच फोटोवर नोकरी मिळवली."

ती रडत होती. मला तिच्या रडण्याचा इतका संताप आला की फोन रस्त्यावर आपटावासा वाटला. आईच्या ताटात जेवलेली पोरगी. मी परक्यावर विश्वास ठेवला असता आणि फसले असते तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. हिच्यावर मी विश्वास ठेवलेलाच नव्हता, कारण तशी वेळच कधी आली नव्हती. आपल्या उजव्या हातावर कोणी विश्वास ठेवतं का?

आत आले तर स्टुडिओवाला ताईला समजावत होता, ठिपके कॉम्प्युटरवर काढून देतो म्हणून. ताई म्हणाली, तुमच्या हातचे नको. व्हिडिओ थांबवून त्यातून फोटो घेऊन पाहिला, तर मोठा करताच तो फाटला, आणि खालच्या कोपऱ्यात मोबाईलचं नाव ठसठशीत. आईच्या फ्रेमवर मोबाईलचं नाव! ताईनं माझ्याकडे पाहिलं. मला कळलं. आईचा आईसारखा फोटो साऱ्या जगात एकच होता आणि तो त्या पोरीजवळ होता.

मला वाटलं, मरून जाईन पण मागणार नाही. मग आईची ती हनुवटी डोळ्यांसमोर आली आणि मी लिहिलं, "आईचा मूळ फोटो पाठव." लगेच आला. पूर्ण, मोठा, न कापलेला. त्याखाली तिनं लिहिलं होतं, "मी तेराव्याला येऊ?"

"नको येऊ," मी लिहिलं.

तेराव्याला फ्रेम ताईच्या बैठकीत लावली. हार असा घातला की हनुवटी झाकली जाऊ नये. माणसं येत होती, हात जोडत होती, आणि फोटोपुढं आली की थबकत होती. जेवणं उरकल्यावर आईची धाकटी बहीण, आमची मावशी, फोटोसमोर जाऊन बसली. जिची नक्कल ऐकून आई हसली होती, तीच. तिच्याही हनुवटीवर तसंच गोंदण आहे, दोघींनी एकाच दिवशी काढून घेतलेलं. तिनं काचेवर बोट टेकवलं आणि एकेक ठिपका चाचपला.

"बाप्पा, आक्का बोलतेच जनू," ती म्हणाली. "कोन्या मोबाईलनं काढला वं? तूच तर साऱ्याइले सांगत असते."

"मोबाईल नाही मावशी. कॅमेऱ्याचा आहे."

"कोनं काढला?"

मी वरच्या खोलीतली म्हणून सांगितलं. मावशी तिला ओळखत होती. ती पुन्हा फोटोकडे वळली.

"लय जीव होता त्या पोरीचा तुह्या मायवर," ती म्हणाली. "त्याबिगर असा येत नाही फोटो. काहून नाही आली आज?"

"होता ना मावशी, जीव होता," मी म्हणाले, आणि पत्रावळी उचलायला उठले.