उपरण्याखालचा सौदा

"सिनाइल डिमेन्शिया," डॉक्टर म्हणाले. मी म्हणालो, मराठीत सांगा. "म्हातारपणी मेंदू झिजतो. यावर औषध नाही. त्यांच्याशी वाद घालू नका." मग माझ्याकडे निरखून पाहत त्यांनी विचारलं, "तुम्ही झोपता कधी? तुमच्या बदली कोण बसतं?"

माझ्या बदली बसणारं कुणीच नव्हतं. ज्यांच्या घरी असं माणूस आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो.

माझे वडील, तात्या, हळदीचे शेतकरी. माझ्या थोरल्या भावाला, आण्णाला, त्यांनी शिकवून सातारला वकील केलं. मला शाळेतून काढून सांगलीच्या हळदपेठेत पोती उचलायला लावलं. त्याच पेठेत मी स्वतःची अडत उभी केली. म्हातारपणी तात्या आले ते माझ्याकडेच. पण दिवसभर विचारायचे, "आण्णा आला का?" मला ओळखतही नसत.

आधी ते घराची वाट विसरले. मग जेवून उठले की शेजाऱ्यांना सांगायचे, मला उपाशी ठेवलंय. महायुद्धामुळे रॉकेल कंट्रोलात, मोजूनच मिळे; दिवा उशिरा लागे. अंधारून आलं की ते दाराकडे धावत. "माल इकायचाय, गाडी जुपा!" शेतही राहिलं नाही आणि बैलही, हे मी ओरडून सांगायचो. ते काठी उगारायचे. एकदा माझाही हात वर गेला. बायकोनं तो धरला. "आवं, पेठंत कुणाकुणाचं ऐकून घेता, बापाचं घ्या की!"

दुसऱ्या दिवशी अंधारताच ते पुन्हा माल विकायला उठले. मी चिडूनच समोर बसलो, दोघांच्या हातांवर उपरणं टाकलं आणि म्हणालो, "बोला, काय भाव?" आमच्या पेठेत भाव तोंडानं बोलत नाहीत. कापडाखाली बोटं दाबून ठरवतात.

तात्यांची बोटं लगेच चालू लागली. मी सवयीनं भाव पाडला.

"शेट, लय पाडू नगा," ते काकुळतीला आले. "धाकल्याला शाळंतनं काढलाय. भाव मिळाला तर परत घालीन म्हंतो. पोरगं हुशार हाय."

धाकला म्हणजे मी. त्या वर्षी कुणी व्यापाऱ्यानं तो भाव दिला नसणार.

मी त्यांनी मागितला तोच भाव दिला. तात्या उठले आणि शांतपणे जेवले.

मग आण्णाला पत्र टाकलं. येऊन बस, उपकार म्हणून नाही, तुझा वाटा म्हणून. तुम्हीही अशी मदत मागा. मागितल्याशिवाय कुणी येत नाही. आण्णा येतो तेव्हा मी झोप काढतो. त्याच्यावरचा राग गेलेला नाही.

तात्यांशी घासाघीस मात्र संपली. रोज दिवेलागणीला तोच माल येतो आणि रोज मी तो त्यांच्या भावानं घेतो.