मंडळाची अमेरिकन घटना

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, कारण मी माझ्याच हाताने माझी विकेट कशी काढली ते सांगतोय.

आमचं इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सचं मराठी मंडळ. मी सहा वर्षं सेक्रेटरी. हॉल बुक करा, खुर्च्या लावा, कोण रुसलं त्याला फोन करा, सगळं मीच! यंदा आमचे अध्यक्ष देशपांडेकाका पायउतार होणार होते आणि ती खुर्ची मला हवी होती. उगाच लाजू कशाला, फार हवी होती.

त्यातच लायब्ररीतून अमेरिकेच्या राज्यघटनेवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं आणि अक्षरशः वेडा झालो. काय माणसं हो ती! भर उन्हाळ्यात, खिडक्या लावून, घामाघूम होत महिनोन्महिने भांडली. मोठी राज्यं एकीकडे, छोटी दुसरीकडे. आणि शेवटी चार कागद असे लिहून उठली की आजही अख्खा देश त्यावर चालतो. सगळी सत्ता कुणा एकाच्या हातात द्यायची नाही, आपल्याही नाही! आणि आम्ही? गणपतीला मोदक तळणीचे की उकडीचे, यावर चार मीटिंगा.

म्हटलं, आपल्यालाही घटना हवी. बसलो लिहायला. अध्यक्षाचा व्हेटो घेतला, तो उलटवायला दोन तृतीयांश मतं घेतली. दुरुस्ती करायची तर तीन चतुर्थांश, तीही पुढच्या वार्षिक सभेत. बायको म्हणाली, एकदा नीट वाचून तरी बघ. मी म्हटलं, अगं, त्यांनी सगळा विचार करून ठेवलाय, मला फक्त मराठीत आणायचंय.

सभेत मी सगळ्यांना कॉप्या वाटल्या आणि अख्खी घटना वाचून दाखवली. बाहेर बटाटेवडे गार होत होते, त्यामुळे ती एकमताने मंजूर झाली. मग काकांनी अध्यक्षपदासाठी माझं नाव सुचवलं. टाळ्या पडल्या. मी खिशातून भाषण काढलं.

तेवढ्यात मागून रियाने हात वर केला. ही कुलकर्ण्यांची मुलगी, इथेच जन्मलेली, कौन्सिलमध्ये नोकरीला. हातातली कॉपी खरोखर वाचणारी सभेत ती एकटीच.

"काका, सॉरी हं, पण कलम चारमध्ये आहे, प्रेसिडेंटचा जन्म ह्याच देशात पाहिजे. तुमची जन्म कुठे झाली?"

"सांगलीला," मी म्हणालो.

आजूबाजूला बघितलं. नागपूर, पुणे, डोंबिवली. अख्ख्या हॉलमध्ये त्या कलमात बसणारी एकच व्यक्ती, आणि तिचा हात अजून वरच होता. कुणीतरी म्हणालं, जाऊ द्या हो, घरचंच मंडळ आहे. पण देशपांडेकाका ठाम.

"आत्ताच मंजूर केलंय ना? मग पाळायचं."

तासभर मी तरी दुसरं काय सांगत होतो!

रिया अध्यक्ष झाली. मोदकांचा प्रश्न तिने मतदान घेऊन दहा मिनिटांत निकालात काढला. उकडीचे. खरं सांगतो, ऊर भरून आला. मी? सेक्रेटरीच. खुर्च्या लावतोय.

घरी येऊन पुन्हा ते पुस्तक उघडलं. तर जन्माच्या त्याच कलमात पुढे लिहिलेलं, घटना मंजूर होताना जे आधीच नागरिक आहेत, त्यांनाही चालेल. बघा, स्वतःची सोयसुद्धा विसरले नव्हते! आणि इथला नागरिक तर मीही कधीचाच आहे.

मग माझा कच्चा मसुदा काढला. ती ओळ त्यात होती. तिच्यावर लाल काट, आणि शेजारी माझ्याच अक्षरात: 'आपल्याला याचा उपयोग नाही.'