हिरामणचा डबा

हिरामण कानाने बांध राखायचा. आमचं गाव धरमतरच्या खाडीकाठी. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये दीड मैल लांबीचा मातीचा बांध. त्यात खेकडे बिळं करतात. बीळ आरपार गेलं की खारं पाणी आधी सुईएवढं येतं, मग मनगटाएवढं, आणि मग खांड जाते, म्हणजे बांधच फुटतो. शेतात एकदा खारं पाणी शिरलं की तीन वर्षं तिथे भात होत नाही. म्हणून अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात, भरती चढताना, हिरामण बांधावर पालथा पडून मातीला कान लावायचा. चार पावलं सरकायचा, पुन्हा कान लावायचा.

मी तिथे शाळामास्तर होतो. मला लिहायची सवय नाही आणि हे नीट जमेल असंही वाटत नाही. पण हिरामणबद्दल गावात जे बोलतात ते खरं नाही, आणि ते ठाऊक असून मी दहा वर्षं गप्प राहिलो आहे.

गावाची रीत अशी होती की उधाणाच्या दिवशी प्रत्येक घरातला एक माणूस दाराशी फावडं ठेवून उपाशी बसे. भरती फिरली की हिरामण रॉकेलचा रिकामा डबा दोनदा बडवी. मग गाव जेवायला बसे. डबा थांबलाच नाही, तर सगळ्यांनी बांधाकडे धावायचं आणि चिखलाचे गोळे हातोहात देत भोक बुजवायचं. स्वातंत्र्य आलं त्या श्रावणात डबा असा अखंड वाजला आणि अख्खं गाव चिखलात उतरलं. भात वाचलं.

अठ्ठावन्न साली ग्रामपंचायतीला रेडिओ मिळाला. पेटी चावडीत ठेवली, कर्णा छपरावर बांधला आणि चावी माझ्याकडे दिली. पहिल्या संध्याकाळी हिरामण पुढे आला आणि बांधाला लावतो तसा पेटीला कान लावला.

सरपंच काळूराम म्हणाला, "काय रं हिरामण, गळतंय का कुठं?"

"गळतंय खरं," हिरामण म्हणाला. "पन कुठून, ते कलत न्हाय."

सगळे हसले. मीही हसलो.

रेडिओ फक्त संध्याकाळी लावायचा असा नियम होता. पण रविवारी दुपारी गाणी लागतात हे कळल्यावर लोक माझ्या दाराशी येऊ लागले. मला कुणाला नाही म्हणता येत नाही. मी चावी घेऊन जाऊ लागलो. हळूहळू जेवणाच्या वेळा बातम्यांवर ठरू लागल्या. आकाशात चंद्र केवढा आहे हे बायकासुद्धा बघेनाशा झाल्या. माझ्या वर्गातली पोरं पाढे म्हणतानाही बातम्यांसारखा आवाज काढू लागली. मला त्याचं कौतुक वाटायचं. पावसाळ्यात काळूरामने हवामान ऐकून दोनदा गवत वाचवलं. तेव्हापासून पाऊस नसेल तर धोकाही नाही असं लोकांच्या मनात बसलं. उधाण पावसाने येत नाही हे त्या गावात मी शिकवायची गरज नव्हती. पण शिकवलं नाही हेही खरं.

भाद्रपदात हिरामण माझ्याकडे आला. "गुरुजी, उधानाच्या दिसांत दुपारचा तेवढा बंद ठेवा. डबा आयकू जात न्हाय."

मी बरं म्हणालो.

एकोणसाठची कोजागिरी होऊन दोन दिवस झाले होते. रविवार होता. आभाळ निरभ्र, भात लोंबीला आलेलं. मी काळूरामला म्हटलं, "आज उधाण आहे. राहू दे का?"

"हवा कोरडी हाय म्हनून सकालीच सांगितलं की गुरुजी! लावा. म्होटा करा जरा."

मी मोठा केला.

दीडच्या सुमारास हिरामण चावडीत आला. कमरेपर्यंत चिखल, धाप लागलेली. त्याला बोलता येईना. गाणं ऐकत बसलेल्या बायकांतल्या गोदूने मागे न बघता त्याचा हात धरून खाली ओढला. "बस ना दादा, गानं चाललंय." हिरामण बसला नाही. तो पेटीकडे गेला आणि त्याने कर्ण्याची तार उपटली.

एकदम शांत झालं. मग बांधाकडून आवाज आला. डब्याचा नव्हता. पाण्याचा होता.

आम्ही पळालो तेव्हा वीस हात बांध गेला होता. खांडीच्या काठावर हिरामणची बायको जनी बसली होती. नवरा भोकात चिखल दाबत असताना ती अर्धा तास डबा बडवत होती. कुणी येईना म्हणून तो गावाकडे धावला, तेव्हा तिने भोकाला स्वतःची पाठ लावली. पाण्याने तिला उचलून बाजूला फेकलं होतं. डबा वाहून गेला होता. आमच्याकडे बघून ती एवढंच म्हणाली, "जेवलात का सगली?"

पंचायत बसली. काळूरामने विचारलं, "बांध सोडून तू गावात आलास. व्हय का न्हाय?"

"व्हय."

चौकशी तेवढीच झाली. चावी माझ्या खिशात होती. मला कुणी काही विचारलं नाही आणि मी उठलो नाही. हिरामणकडून बांध काढून घेतला. तो जनीला घेऊन पलीकडच्या मिठागरावर मजुरीला गेला. हिरामणने बांध सोडला म्हणून गाव बुडालं असं पोरंसोरंही म्हणू लागली.

गेल्या वर्षी मी त्याला भेटायला गेलो. सगळं बोलायचं ठरवून गेलो होतो. तोच म्हणाला, "गुरुजी, दिल्लीला चितरं दिसनारा रेडिओ हाय म्हनं?"

"आहे. मुंबईलाही येईल म्हणतात."

"मंग तवा कानामागं डोलं बी तिकडंच." त्याने फावडं उचललं. मी न बोलताच परत आलो.

बांध पुन्हा घातला आहे. राखण्या नवा आहे, तो उघाडीच्या, म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायच्या झडपेच्या, दारावर बसून स्वतःचा छोटा रेडिओ ऐकतो. गावात आता तीन कर्णे आहेत. परवाच्या उधाणात मी एकटा बांधावर गेलो, कुणी बघत नाही ना पाहिलं, आणि पालथा पडून कान लावला. आत काहीतरी घुमत होतं. कर्णा होता की पाणी, मला ओळखता आलं नाही. चावडीत जाऊन आवाज बंद करा म्हणून सांगायचं होतं. अर्ध्या वाटेवर जाऊन मी उभा राहिलो.